धसकटं उभी ठेवणारं पातं

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात, लेथब्रिज शहराच्या वायव्येला नोबलफर्ड नावाचं छोटं गाव आहे. या गावात १९३० च्या दशकात एक अवजार आकाराला आलं. दिसायला साधं: एक रुंद, जाड पोलादी पातं, ते पेलणारा भक्कम दांडा आणि खोली कमी-जास्त करण्याची सोय. ज्यांनी कुळव हाकला आहे त्यांना ते वेगळं समजावून सांगायला नको. कुळवाची पास जशी जमिनीच्या पोटातून सरकत तणाची मुळं कापत जाते, तसंच हे पातं तीन ते पाच इंच खोल जातं. ते ओढायला मात्र ताकदवान ट्रॅक्टर लागतो. मोठा फरक पुढेच आहे. पातं शेतातून गेल्यावरही गव्हाची धसकटं उभीच्या उभी राहतात. लांबून पाहणाऱ्याला शेतात कुणी काही केलंय असं वाटतही नाही.

मी वाचत होतो तो उत्तर अमेरिकेतल्या गवताळ मैदानांवरच्या धुळीच्या वादळांचा इतिहास. तो वाचता वाचता मी या पात्यापाशी थांबलो. पुढे जे काही वाचलं, ते सगळं याच्याशीच येऊन जोडलं जात होतं.

इतिहास थोडक्यात असा. १८५७ ते १८६० या काळात जॉन पॅलिसर यांच्या मोहिमेने पश्चिम कॅनडाचा मुलूख पाहिला आणि त्याच्या दक्षिणेकडचा एक मोठा त्रिकोणी पट्टा शेतीला नालायक ठरवला. पुढे जॉन मॅकून या वनस्पतिशास्त्रज्ञाने तोच मुलूख चांगल्या पावसाच्या वर्षांत पाहिला आणि इथे गहू पिकेल अशी ग्वाही दिली. वसाहत वाढवू पाहणाऱ्या सरकारला ही ग्वाही हवीच होती. १८७२ च्या कायद्याने दहा डॉलर फीमध्ये १६० एकर जमीन मिळू लागली. शतकानुशतकं बायसनचे कळप चारणारं गवत नांगराखाली गेलं. ज्या आदिवासी राष्ट्रांचं जगणं त्या कळपांवर होतं, त्यांना करार करून राखीव वस्त्यांत ढकललं गेलं होतं.

पाऊस कमी, म्हणून शेतकऱ्यांनी एक पद्धत धरली: एक वर्ष पीक, एक वर्ष पड. या पडीची सुरुवात ससकॅचेवानमधल्या इंडियन हेड गावच्या अँगस मकाय यांच्या नावाने सांगतात. पश्चिम कॅनडातल्या १८८५ च्या उठावात घोडे सैन्याच्या वाहतुकीला गेले, त्यामुळे काही जमीन पेरायची राहिली. पुढच्या वर्षी दुष्काळ पडला आणि नेमक्या त्याच जमिनीत गहू आला, कारण तिने आधीच्या पावसाची ओल धरून ठेवली होती. निरीक्षण खरं होतं. घोटाळा झाला तो अंमलबजावणीत. पडीत तण उगवलं की ओल संपते, म्हणून तण दिसलं की पाळी घालायची, हा शिरस्ता झाला. उन्हाळाभर पाळ्या घालून घालून जमीन काळी, स्वच्छ, मैद्यासारखी बारीक करायची. ज्याचं शेत असं उघडं तो चांगला शेतकरी, अशी प्रतिष्ठा त्याला मिळाली. १९३० च्या दशकात दुष्काळ आणि वारा एकत्र आले, तेव्हा सगळ्यात आधी उडाली ती हीच प्रतिष्ठित शेतं. त्या दहा वर्षांत सुमारे अडीच लाख माणसं ही मैदानं सोडून गेली.

माती उडते कशी, याचा उलगडा ससकॅचेवानमधल्या स्विफ्ट करंट इथल्या प्रयोगशाळेत विल्यम चेपिल या मृदाशास्त्रज्ञाने केला. मला हे काम फार मोलाचं वाटतं. वाऱ्याने धूळ उचलली जाते असं आपण सहज म्हणतो, पण अगदी बारीक धूळ जमिनीला चिकटून बसलेली असते आणि वाऱ्याला सहज दाद देत नाही. आधी हलतात ते मध्यम आकाराचे कण. ते बहुधा फूटभराहून कमी उंचीची उडी मारतात, पुन्हा खाली आदळतात, आणि आदळताना बारीक धूळ वर उधळतात, शेजारच्या कणांना ढकलतात. मग तेही उड्या मारू लागतात. वाऱ्याने सरकणाऱ्या मातीतला निम्म्याहून जास्त भाग अशा उड्यांनीच पुढे जातो. शेत जितकं लांब तितका या आदळआपटीला जोर चढतो. साधारण एक मिलिमीटरहून मोठं ढेकूळ मात्र वाऱ्याला जुमानत नाही. म्हणजे उपाय तीनच: ढेकळं राखा, जमिनीलगतचा वारा अडवा, शेताची वाऱ्याच्या दिशेची लांबी तोडा.

लांबी तोडण्याचा उपाय शेतकऱ्यांनी चेपिलच्या आधीच शोधला होता. नोबलफर्डच्या शेजारच्या मोनार्क गावात कूल आडनावाच्या डच भावांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास शेताचे अरुंद लांब पट्टे पाडले, वाऱ्याला आडवे. एका पट्ट्यात गहू, शेजारच्यात पड. लेथब्रिजच्या सरकारी प्रयोग केंद्रातल्या एसेल पामर यांनी ही पद्धत उचलून धरली आणि त्यात भर घातली: नांगरू नका, धसकटं गाडू नका, वरच राहू द्या. पण धसकटं वर ठेवायची आणि तणही मारायचं, हे करणार कशाने? फाळाचा नांगर काड पुरता गाडतो. तव्यांचं अवजार प्रत्येक फेरीत साधारण निम्मं काड मातीत मिसळतं. दोन-तीन पाळ्यांत शेत पुन्हा उघडं.

इथे चार्ल्स नोबल येतो. जन्म १८७३ चा, अमेरिकेतल्या आयोवाचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो अल्बर्टात आला आणि बघता बघता हजारो एकरांचा धनी झाला. गावाला त्याचंच नाव मिळालं. पहिल्या महायुद्धानंतर गव्हाचे भाव कोसळले, दुष्काळ पडला, कर्ज थकलं आणि ते सगळं साम्राज्य सावकारांच्या हाती गेलं. पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दुसऱ्यांदा उभी केलेली ही जमीन वाऱ्याबरोबर जाताना त्याला बघायची नव्हती. १९३५-३६ च्या हिवाळ्यात तो कॅलिफोर्नियात होता. तिथे एक शेतकरी जमिनीखालून सरळ पातं ओढून कंदपीक सैल करताना त्याला दिसला, अशी हकीकत सांगतात. वरचा पाला जागच्या जागी आणि खालची मुळं मोकळी! त्याने तिथेच एक पातं घडवून घेतलं आणि पुढे नोबलफर्डला त्याचा कारखाना काढला.

कल्पना सोपी होती. ती चालवणं अवघड. एवढं रुंद पातं जमिनीखाली एकाच खोलीवर ठेवायचं म्हणजे दांडा, चौकट आणि पात्याचा कल हे सगळं मातीच्या रेट्यापुढे टिकायला हवं. कल थोडा जास्त झाला की माती उलटते, कमी झाला की पातं वर येतं. पात्याला आधार देणारे दांडे जितके जास्त तितकं त्यांच्यात काड अडकणार, म्हणून दांडे कमीत कमी ठेवायचे. म्हणजे प्रत्येक दांड्यावरचा ताण वाढला. हे गणित नोबलने वर्षानुवर्षं दुरुस्त केलं. नीट चाललं तर एका फेरीनंतर नव्वद टक्के काड वरच राहतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हे अवजार मैदानांवर पसरलं, सीमेपलीकडे अमेरिकेतही गेलं. १९४३ मध्ये नोबलला ब्रिटिश सरकारचा एम.बी.ई. हा किताब मिळाला. १९५७ मध्ये तो वारला. स्वतःचं सगळं एकदा घालवून बसलेल्या माणसाने शेजाऱ्यांच्या मातीसाठी एवढं करावं, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

याच काळात सरकारही जागं झालं होतं. एप्रिल १९३५ मध्ये कॅनडाच्या संसदेने मैदानांवरच्या शेतीच्या पुनर्वसनाचा कायदा केला आणि त्याखाली जे खातं उभं राहिलं ते पीएफआरए या आद्याक्षरांनीच ओळखलं जाऊ लागलं. मुख्य कचेरी रेजायना शहरात. शेततळी खोदायला मदत, वारा अडवणाऱ्या झाडांच्या रांगा, पट्टापेरणीचा प्रचार ही त्याची कामं. इंडियन हेडची सरकारी रोपवाटिका शेतकऱ्यांना रोपं फुकट देत असे. काटक कॅरागानाची झुडपं तिथूनच हजारो शेतांच्या कडेला गेली.

खात्याचं सगळ्यात टिकाऊ काम मात्र गवताचं. १९३७ पासून उडून गेलेली, सोडून दिलेली जमीन ताब्यात घेऊन, कुंपण घालून, गवत पेरून तिची सामुदायिक गायरानं केली गेली. छोट्या शेतकऱ्याने आपली गुरं हंगामापुरती तिथे सोडायची आणि डोईमागे फी भरायची. गुरं राखायला व्यवस्थापक आणि घोडेस्वार राखणदार. या राखणदाराचं कौशल्य गुरं हाकण्यापेक्षा गवत वाचण्यात होतं. कुठला कोपरा जास्त खाल्ला गेलाय, कुठे गुरं फिरकलेलीच नाहीत, हे त्याला घोड्यावरून ओळखावं लागे. गुरं पाण्याजवळ रेंगाळतात, म्हणून मिठाचे ठोकळे पाण्यापासून लांब ठेवायचे. मिठाच्या ओढीने कळप आपोआप पसरतो. इतक्या साध्या युक्तीवर शेकडो एकर गवत सारखं चारलं जातं.

किती चारावं, याचं उत्तर शास्त्रज्ञांनी शोधलं. अमेरिकेच्या मृदासंधारण खात्यातल्या फ्रँकलिन क्रायडर यांनी १९५५ मध्ये आपले प्रयोग प्रसिद्ध केले. गवताचा निम्मा पाला कापला तर मुळांची वाढ जवळजवळ अबाधित राहते. साठ टक्के कापला की साधारण निम्म्या मुळांची वाढ थांबते. ऐंशी टक्के कापला की सगळ्याच मुळांची. वर दहा-वीस टक्क्यांचा फरक आणि खाली एवढी पडझड! गुरंवाल्यांनी यातून एक सोपा हिशोब धरला: निम्मं गुरांना, निम्मं गवताला. अल्बर्टातल्या स्टेव्हली इथे १९४९ पासून शेजारशेजारच्या कुरणांत गुरांची संख्या कमी-जास्त ठेवून प्रयोग चालला. जिथे सगळ्यात जास्त गुरं होती तिथलं मूळचं उंच फेस्क्यू गवत जवळजवळ नाहीसं झालं आणि काळ्या मातीचा रंगही तपकिरी होत गेला.

आता अडचणी. त्यांनाही न्याय द्यायला हवा.

पहिली अडचण पात्याचीच. कापलेलं तण मरतं ते कोरड्या उन्हात. पाळीनंतर पाऊस आला की तेच तण ओल्या मातीत पुन्हा मूळ धरतं, कारण त्याला उलटं पाडलेलंच नसतं. काड दाट असेल तर पेरणीयंत्रं तुंबत. शिवाय उभ्या धसकटांत गव्हाच्या खोडात राहणाऱ्या करवत-माशीच्या अळीला हिवाळाभराचा आसरा मिळाला. ही माशी शेताच्या कडेला जास्त हल्ला करते, आणि पट्टापेरणीने शेतांना कडाच कडा दिल्या होत्या. माती वाचवणाऱ्या दोन्ही उपायांनी किडीला बळ दिलं. उत्तर म्हणून भरीव खोडाचा रेस्क्यू नावाचा गहू १९४० च्या दशकात काढावा लागला.

दुसरी अडचण गवताची. उघडी जमीन लवकर झाकायला ससकॅचेवान विद्यापीठातल्या लॉरेन्स कर्क यांनी वाढवलेलं रशियाकडचं क्रेस्टेड व्हीटग्रास पेरलं गेलं. त्याने माती धरली, यात वाद नाही. पण ते कुंपणात राहिलं नाही. ते मूळच्या गवताळ प्रदेशात शिरलं आणि तिथल्या अनेक जातींची जागा एकट्याने घेऊन बसलं.

तिसरी गोष्ट अडचण म्हणून सांगणंही कमीच आहे. मॅनिटोबात सेंट मॅडेलीन नावाची मेटी, म्हणजे आदिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या लोकांची वस्ती होती. १९३० च्या दशकाच्या अखेरीस तिथे सामुदायिक गायरान करायचं ठरलं. माणसांना हुसकावलं, घरं जाळली, कुत्री गोळ्या घालून मारली. ज्या खात्याबद्दल मी इतक्या आदराने लिहितो आहे त्याच्या गायरानासाठी हे झालं, आणि त्या लोकांच्या वंशजांनी ते विसरावं अशी अपेक्षा कुणी करू नये.

आणि मूळ दुखणं पडीचंच होतं. धसकटं उभी ठेवली तरी एक वर्षाआड पड चालूच राहिली. पडीतल्या पावसाचं जेमतेम पाव पाणी पिकासाठी टिकतं; काही खाली झिरपतं, क्षार विरघळवतं आणि उताराच्या पायथ्याशी वर येऊन जमीन पांढरी करतं. मातीतला सेंद्रिय अंशही घटत राहिला. १९८४ मध्ये सिनेटर हर्बर्ट स्पॅरो यांच्या समितीने देशाची माती धोक्यात असल्याचा अहवाल दिला. पुढे ग्लायफोसेट हे तणनाशक स्वस्त झालं, न नांगरता थेट पेरणी करणारी यंत्रं आली आणि पड हळूहळू मागे पडली. पात्याचं काम औषधाने घेतलं. वारा अडला, पण शेतकरी एका रसायनावर विसंबला, आणि त्या औषधाला दाद न देणारी तणं आता तिथे उगवत आहेत.

पीएफआरए खात्याचं काय झालं? २००९ च्या सुमारास ते दुसऱ्या विभागात मिसळलं गेलं. २०१२ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने सामुदायिक गायरानं सोडून देण्याचं ठरवलं. वीस लाखांहून जास्त एकर कुरण टप्प्याटप्प्याने प्रांतांकडे गेलं, आणि बऱ्याच ठिकाणी गुरं चारणाऱ्यांच्या संघटनांना ते भाड्याने घ्यावं लागलं. इंडियन हेडची रोपवाटिका शतकाहून जास्त काळ चालून २०१३ मध्ये थांबली. ससकॅचेवानात आज मूळच्या गवताळ प्रदेशाचा पाचवा हिस्साही उरलेला नाही, आणि जे उरलं त्यातले मोठे सलग तुकडे याच गायरानांत आहेत. तिथे बिळांत राहणारी घुबडं आहेत, एकदा कॅनडातून नाहीसा झालेला आणि १९८३ पासून पुन्हा सोडलेला स्विफ्ट कोल्हा आहे.

गुरंवाले त्या गवताची काळजी घेणार नाहीत असं मी म्हणत नाही. निम्मं ठेवण्याचा हिशोब त्यांच्यातले बरेच जण कुणाही अधिकाऱ्याहून चांगला जाणतात. पण भाडं भरायचं, कुंपणं दुरुस्त करायची, राखणदाराचा पगार द्यायचा आणि दुष्काळाच्या वर्षी गुरं कमीही करायची, एवढा भार थोड्या कुटुंबांवर पडला की पहिली काटछाट गवताच्या वाट्याला येते. दुष्काळ तिथे पुन्हा येतच राहतात. पंचाहत्तर वर्षं सांभाळलेली ही कुरणं केंद्र सरकारने सोडायला नको होती.