मोटारगाडीच्या रंगलेपाची झिलई व मेणलेपन

मोटारगाडीच्या बाह्य पृष्ठावरील रंगलेपाचा अगदी वरचा, अतिशय पातळ थर सूक्ष्म अपघर्षकाने (घासून झिजविणाऱ्या पदार्थाने) काढून पृष्ठ गुळगुळीत व चकचकीत करण्याच्या क्रियेस झिलई, तर त्या पृष्ठावर मेणाचा वा तत्सम पदार्थाचा संरक्षक पापुद्रा चढविण्याच्या क्रियेस मेणलेपन म्हणतात. दोन्ही क्रिया एकामागून एक करतात व दोन्हींमुळे चकाकी वाढते. त्यामुळे सामान्य व्यवहारात त्या एकच समजल्या जातात. वस्तुतः त्या परस्परविरुद्ध आहेत. झिलईत रंगलेप कमी होतो, मेणलेपनात त्यावर भर पडते. मेण वारंवार लावता येते. झिलईत गेलेला लेप मात्र गाडी पुन्हा रंगविल्याखेरीज भरून येत नाही. या कामाचे बहुतेक नियम याच भेदातून निघालेले आहेत.

गाडीची बारकाईने स्वच्छता, झिलई व मेणलेपन करण्याच्या व्यवसायास डिटेलिंग हे नाव अमेरिकेत रूढ झाले व तेथून ते अन्यत्र गेले. पाण्याची टाकी, विद्युत् जनित्र व इतर साधने लहान मालवाहू गाडीत घालून ग्राहकाच्या दारी जाऊन काम करणाऱ्या कारागिरास फिरता डिटेलर म्हणतात. बहुधा तो एकटा किंवा एखाद्या मदतनीसासह काम करतो.

इतिहास : विसाव्या शतकाच्या प्रारंभी मोटारगाड्यांना घोडागाड्यांप्रमाणेच तेलयुक्त रोगणाचे अनेक हात कुंचल्याने देत. ते पूर्ण वाळण्यास काही आठवडे लागत. ड्यू पाँट या अमेरिकन कंपनीचे ड्यूको हे नायट्रोसेल्युलोज लॅकर जनरल मोटर्सने १९२३ मध्ये ओकलंड गाड्यांसाठी वापरले आणि ही अडचण दूर झाली. हे लॅकर फवारता येई व लवकर वाळे. परंतु त्याची चकाकी घासूनच आणावी लागे आणि उन्हापावसाने पृष्ठ निस्तेज होऊन त्यावर खडूसारखी भुकटी येई. ही भुकटी घासून काढणे व नंतर मेण लावणे हा गाडीच्या निगेचा नित्याचा भाग बनला. १९५० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात ॲक्रिलिक लॅकरे आली. १९८० नंतर रंगीत लेपावर वेगळा पारदर्शक लेप देण्याची पद्धत सर्वत्र पसरली.

या बदलाचा झिलईवर मोठा परिणाम झाला. जुन्या एकेरी रंगलेपावर घासताना फडक्याला गाडीचाच रंग लागे. किती लेप निघत आहे, याची जाणीव कारागिरास आपोआप होई. पारदर्शक लेप घासताना फडक्यावर केवळ पांढरट मळ दिसतो. लेप झिजत असतोच, परंतु ते डोळ्यांना कळत नाही.

रंगलेपाची रचना : कारखान्यात रंगविलेल्या गाडीच्या पत्र्यावर सर्वसाधारणपणे पुढील थर असतात : विद्युत् प्रवाहाच्या साहाय्याने बसविलेला गंजरोधक प्राथमिक लेप (सु. २० मायक्रॉन, १ मायक्रॉन म्हणजे मिमी.चा हजारावा भाग), मध्यलेप (सु. ३० ते ४० मायक्रॉन), रंगीत लेप (सु. १० ते २० मायक्रॉन) आणि पारदर्शक लेप (सु. ४० ते ५० मायक्रॉन). काही नव्या पद्धतींत मध्यलेप वगळतात. सर्व थरांची मिळून जाडी लिहिण्याच्या साध्या कागदापेक्षा फारशी जास्त भरत नाही.

पारदर्शक लेपात सूर्यप्रकाशातील जंबुपार किरण (दृश्य वर्णपटातील जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य किरण) शोषून घेणारी द्रव्ये मिसळलेली असतात. किती किरण शोषले जातील, हे लेपाच्या जाडीवर अवलंबून असते. वारंवार झिलई करून हा लेप पातळ झाला, तर जास्त किरण खाली पोहोचतात, रंगीत लेपाशी असलेली त्याची पकड सुटते व काही वर्षांनी छतावर किंवा पुढच्या झाकणावर पारदर्शक लेपाचे पापुद्रे निघू लागतात. असा भाग झिलईने वा मेणाने सुधारत नाही. तो नव्याने रंगवावाच लागतो.

ओरखडे व चकाकी : सपाट पृष्ठावरून प्रकाश एकाच दिशेने परावर्तित झाला की पृष्ठ आरशासारखे चकाकते. सूक्ष्म ओरखड्यांच्या कडांमुळे प्रकाश विखुरतो व रंग धुरकट दिसतो. उन्हात गाडीवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतात. ओरखडे प्रत्यक्षात सर्व दिशांना असतात. परंतु ज्यांच्या कडांवरून प्रकाश पाहणाऱ्याच्या डोळ्यांकडे वळतो तेवढेच उठून दिसतात, म्हणून वर्तुळाचा भास होतो. हे ओरखडे बहुतेक वेळा धूळ कोरड्या फडक्याने पुसल्यामुळे किंवा मळलेल्या स्पंजाने धुतल्यामुळे पडतात.

तेल किंवा मेण ओरखड्यात भरले, तर त्याचा प्रणमनांक (प्रकाशकिरण वाकविण्याच्या क्षमतेचे माप) लेपाच्या प्रणमनांकाच्या जवळपास असल्याने ओरखडा दिसेनासा होतो. काही झिलईद्रव्यांत अशी भरणद्रव्ये हेतुतः घातलेली असतात. काही धुण्यांनंतर ती निघून जातात व ओरखडे पुन्हा दिसू लागतात. म्हणून काम झाल्यावर पृष्ठ पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहॉलाने पुसून प्रखर दिव्याखाली पाहतात. ओरखडे निघाले की केवळ झाकले गेले, हे यावरून समजते.

झिलईची कृती : गाडी प्रथम भरपूर पाण्याने व सौम्य साबणाने धुतात. ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण व डांबराचे ठिपके धुऊन निघत नाहीत. ते काढण्यासाठी जपानमध्ये विकसित झालेली मऊ, प्लॅस्टिकसारखी माती १९९० नंतरच्या दशकापासून प्रचारात आली. ओल्या पृष्ठावर ती हलक्या हाताने फिरवितात. नंतर लेपाची जाडी मापकाने अनेक ठिकाणी मोजतात. पोलादी पत्र्यावर हे माप चुंबकीय प्रवर्तनाने, तर ॲल्युमिनियमावर आवर्त प्रवाहांच्या साहाय्याने मिळते. माप सर्व थरांचे एकत्रित असते. त्यामुळे पारदर्शक लेप किती उरला आहे, याचा केवळ अंदाज बांधता येतो. आकडा एकाएकी फार मोठा आल्यास तो भाग पूर्वी पुन्हा रंगविलेला असावा, असे अनुमान करतात.

झिलईद्रव्यात बहुधा ॲल्युमिनाचे सूक्ष्म कण असतात. ते फोमाच्या, लोकरीच्या किंवा सूक्ष्मतंतूंच्या गादीवर घेऊन यंत्राने फिरवितात. एकाच अक्षाभोवती फिरणारे यंत्र वेगाने काम करते, पण उष्णताही लवकर निर्माण करते. धारदार कडांवर लेप मुळातच पातळ असल्याने तेथे तो जळून खालचा थर उघडा पडण्याचा धोका असतो. फिरता फिरता कक्षाही बदलणारे दुहेरी गतीचे यंत्र अधिक सुरक्षित असते. प्रथम वीतभर जागेत सर्वांत सौम्य द्रव्य व सर्वांत मऊ गादी वापरून पाहतात. तेवढ्याने भागले नाही, तरच पुढची पायरी घेतात. नखाला अडकण्याइतका खोल ओरखडा पूर्णपणे काढण्याचा प्रयत्न करीत नाहीत. त्याच्या कडा थोड्या गोल करून तो कमी दिसेल इतपतच काम करतात. चकाकीरहित (मॅट) रंगलेपास झिलई मुळीच करीत नाहीत. त्यावर एकदा आलेली चकाकी घालविता येत नाही.

मेणलेपन : या कामी सर्वांत प्रसिद्ध असलेले कार्नोबा मेण ब्राझीलच्या ईशान्य भागातील कोपर्निसिया प्रूनिफेरा या ताडाच्या पानांपासून मिळते [⟶ मेणे]. नैसर्गिक मेणांत ते अत्यंत कठीण असून सु. ८२ ते ८६° से. तापमानास वितळते. तेवढ्या कठीण स्थितीत ते पसरविता येत नाही, म्हणून त्यात मऊ मेणे, तेले व विद्रावक मिसळतात. विद्रावक उडून गेल्यावर उरलेला धुरकट पापुद्रा मऊ फडक्याने पुसला की चकाकी येते. पृष्ठावर पाणी पसरत नाही. त्याचे थेंब बनून ओघळतात. हा पापुद्रा काही आठवडे ते काही महिने टिकतो.

सिलिकोनयुक्त व इतर संश्लेषित लेप यापेक्षा अधिक टिकतात. परंतु सिलिकोनाचा अंश राहिल्यास पुढे गाडी रंगविताना नव्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे खळगे पडतात. सिलिकायुक्त तथाकथित सिरॅमिक लेप काही वर्षे टिकू शकतात. त्यांच्या जाहिरातीत दिसणारी ‘९ एच’ ही कठीणता पेन्सिलीच्या शिशाने ओरखडून पाहण्याच्या कसोटीवरील असते, खनिजांच्या मोस मापप्रमाणावरील नव्हे. असा लेप उडत्या खड्यांपासून गाडी वाचवीत नाही आणि तो काढावयाचा झाल्यास पुन्हा झिलईच करावी लागते.

फिरत्या व्यवसायाच्या अडचणी : फिरत्या कारागिरास जागा निवडता येतेच असे नाही. तापलेल्या पत्र्यावर झिलईद्रव्य व मेण लवकर सुकतात आणि पुसताना नवे ओरखडे पडतात. म्हणून तो सावली शोधतो, तंबू उभारतो किंवा सकाळी लवकर काम उरकतो. सांडपाणी हाही एक प्रश्न आहे. अमेरिकेत पावसाळी गटारांचे पाणी बहुतेक ठिकाणी प्रक्रियेविना नदीनाल्यांत जाते. १९८७ मध्ये तेथील स्वच्छ पाणी कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर नगरपालिकांच्या पावसाळी गटारांसाठी परवाने आवश्यक झाले. घरमालकाने स्वतःची गाडी धुणे हे सामान्यतः चालते. व्यावसायिकाने मात्र धुण्याचे पाणी गोळा करावे लागते. त्यामुळे अत्यल्प पाण्यात धुण्याच्या पद्धतींना चालना मिळाली. त्यांत धूळ पृष्ठावरून उचलली जावी, घासली जाऊ नये, याची विशेष काळजी घ्यावी लागते.

भारतातही मोठ्या शहरांत घरपोच डिटेलिंगचा व्यवसाय वाढला आहे. मार्च २०२४ मध्ये पाणीटंचाईमुळे बेंगळुरूत पिण्याच्या पाण्याने वाहने धुण्यास मनाई करून ५,००० रु. दंड ठेवण्यात आला होता. मुंबई-पुण्यातील गृहसंकुलांत मासिक मोबदल्यावर रोज पहाटे गाड्या पुसण्याची पद्धत रूढ आहे. एकच फडके अनेक गाड्यांवर फिरल्याने त्यातील धूळच अपघर्षकाचे काम करते. विंधणविहिरीच्या कठीण पाण्याचे थेंब उन्हात सुकल्यावर कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या क्षारांचे पांढरे डाग उरतात, तर पक्ष्यांची विष्ठा तापल्या पृष्ठावर राहिल्यास लेपावर कायमचा व्रण पडतो. हे डाग ताजे असतानाच पाण्याने भिजवून काढणे, धूळ प्रथम पाण्याने वाहू देणे, स्वच्छ व मऊ फडके वापरणे आणि मेण वेळोवेळी लावणे एवढ्याने झिलईची गरज फार कमी होते. झिलई जितकी क्वचित करावी लागेल, तितका मूळ रंगलेप अधिक काळ टिकतो.