गाठीची चोरटी नळजोडणी!

माहीत आहे का? मोठेपणी शरीरात नव्या रक्तवाहिन्या क्वचितच उगवतात, पण अंडाशय हा उद्योग दर महिन्याला करतं! बीज बाहेर पडलं की मागे पिवळा पुंजका उरतो, काही दिवसांत त्यात केशवाहिन्यांचं दाट जाळं. गर्भ राहिला नाही, की सगळं मोडीत.

ट्यूमरलाही हीच आयडिया हवी असते, फक्त स्टॉपचं बटण नको! रक्त मिळेना तर गाठ एक-दोन मिलिमीटरवरच अडकते. मग ती व्हीईजीएफ नावाचं प्रोटीन सोडते आणि शेजारच्या वाहिनीवरून चोरून नळजोडणी घेते. ज्युडा फोकमन या अमेरिकन सर्जनने १९७१ मध्ये हे मांडलं, तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली.

पुरावा कुठे सापडला? सशाच्या डोळ्यात! कॉर्नियात रक्तवाहिन्याच नसतात. तिथे गाठीचा कण ठेवला, आणि कडेच्या बारीक लाल रेषा त्याच्या दिशेने सरकू लागल्या. डोळ्यांदेखत चोरी!

(जाता जाता: मॅनटी या गुबगुबीत जलचराच्या कॉर्नियात मात्र चक्क रक्तवाहिन्या असतात. व्हीईजीएफला पकडून ठेवणारं प्रोटीन तिथे नाहीच.)

व्हीईजीएफचा शोध दोनदा लागला, बरं का! १९८३ मध्ये बॉस्टनला ड्वोरॅक आणि सेंगर या संशोधकांना ते 'वाहिन्या गळक्या करणारं' म्हणून सापडलं. ताकद हिस्टामिनच्या सुमारे ५०,००० पट. १९८९ मध्ये नेपोलिओने फेरारा यांना 'वाहिन्या वाढवणारं' म्हणून. निघालं एकच! अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये पोटात पाणी होतं, त्यातही या गळतीचा हात.

आता याच कॅन्सरचा सेलिब्रिटी मार्कर (रक्तात दिसणारी खूण), सीए-१२५. रॉबर्ट बास्ट यांच्या टीमने १९८१ मध्ये तो पकडला. प्रोटीन कसलं, अजगरच: २०,००० हून जास्त अमिनो आम्लांची साखळी! निरोगी डोळ्यावर अश्रूंचा ओलावा टिकवून धरायलाही हेच मदत करतं.

पण भलतं चंचल. पाळी, गरोदरपण, एंडोमेट्रिओसिस, पोटाचा टीबी, कशानेही वर चढतं. ब्रिटनमध्ये २ लाखांहून जास्त महिलांवर स्क्रीनिंगची ट्रायल झाली. २०२१ चा निकाल सांगतो, मृत्यू काही घटले नाहीत. तेव्हा चेकअप पॅकेजमध्ये ३५ च्या वरचा आकडा दिसला, तर आधी डॉक्टर, मग गूगल!

दुसरा मार्कर एचई-४ आणखी गमतीचा. बायकांच्या आजाराचा हा खबऱ्या पहिल्यांदा सापडला पुरुषांच्या अधिवृषणात (एपिडिडिमिस)! दोन्ही मार्कर एकत्र करून धोका मोजणाऱ्या सूत्राचं नाव 'रोमा'. रोमारोमात गणित!

आणि नळ तोडायला? बेव्हॅसिझुमॅब हे औषध. अमेरिकेत २००४ मध्ये आतड्याच्या कॅन्सरसाठी मान्यता, अंडाशयासाठी २०१४ मध्ये. तेच औषध रेटिनाचे डॉक्टर डोळ्यातही टोचतात. ६० किलोच्या पेशंटला कॅन्सरसाठी एका वेळी ९०० मिलिग्रॅमपर्यंत, डोळ्याला? फक्त सव्वा!