सागवान की जंगली?

सकाळी ७.१०
विठ्ठलवाडी स्टेशनकडून उल्हासनगरच्या कॅम्प ४ मध्ये शिरणाऱ्या गल्लीत टेम्पो उभा आहे. त्यात कल्याणच्या एका पाडलेल्या वाड्याचं लाकूड. तुळया, वासे, चौकटी, रिपा, सगळं एकात एक अडकलेलं. टेम्पोचं भाडं ९००. उतरवायला दोन हमाल, प्रत्येकी ३००. मालाचे १७,००० कालच दिले. वाडा पाडणाऱ्या ठेकेदारानं माल विकताना एकच शब्द सांगितला, "जंगली." बाजारात लाकडाच्या जाती दोनच, सागवान आणि जंगली. सागाला दुपटीहून जास्त भाव. ढिगात साग किती लपलाय, त्यावर गल्लीतल्या जुन्या लाकडाच्या गाळ्याच्या मिस्त्रींचा आजचा दिवस.

७.४५
आधी खिळे. पोऱ्या लोहचुंबक फिरवतो आणि जिथे चिकटेल तिथे खडूनं फुली मारतो. मग पक्कड आणि छोटी पहार. त्याचा रोज ६००. निघालेलं लोखंड भंगारवाल्याकडे जातं, ते पैसे त्याच्या चहाचे. एक खिळा आत राहिला तरी पात्याचे दात जातात. नुसती धार लावायला दीडशे लागतात, ते आजच्या हिशेबात धरलेलेच आहेत.

८.३०
धूर, चुना, तेल. वरून सगळं लाकूड सारखंच काळं. मिस्त्री प्रत्येक नगावर हातरंध्याचा एकच हात मारतात आणि नाक लावतात. सागाला तेलकट, चामड्यासारखा वास येतो. लाकूड कितीही जुनं असो, ताजं सालपट निघालं की येतोच. बोटाला किंचित ओशटपणाही लागतो. या तेलामुळेच वाळवी सागाच्या गाभ्याला सहसा लागत नाही. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ मध्ये मलबारी सागाचं बांधलेलं 'ट्रिंकोमाली' जहाज इंग्लंडात आजही पाण्यावर आहे. भाव उगाच नाही.

वासानं समाधान झालं नाही की टोक बघायचं. बाजू फसवते, टोक फसवत नाही. मिस्त्री टोकाचा चार बोटं भाग पटाशीनं गुळगुळीत कापतात. पटाशीला धार नसेल तर रेषा दबतात आणि काही दिसत नाही, म्हणून दर तीन-चार नगांनंतर दगडावर घासणं आलंच. मग अंगठ्यानं थुंकी. ओल्या लाकडात रेषा उठून येतात. शेवटी घड्याळजीचं भिंग डोळ्याला. सागात वर्षाच्या प्रत्येक कड्याच्या सुरुवातीला मोठी छिद्रं रांगेनं बसलेली असतात. ऐनात ती सगळीकडे विखुरलेली. हेद पिवळट, त्याची छिद्रं इतकी बारीक की भिंगाशिवाय दिसत नाहीत.

"काका, हा साग ना?"
"रंग बघून बोलू नकोस. टोक बघ."

९.५०
शंका राहिली तर वजनकाटा. चार बाय तीनचा एक फूट तुकडा म्हणजे घनफुटाचा बारावा हिस्सा. वाळलेला साग असेल तर दीड किलोच्या आसपास. ऐन दोन किलोच्या. काटा भाजीवाल्याकडून जुना घेतलेला, पण चालतो.

११.२०
ऊन गाळ्याच्या तोंडाशी आलं. आता पाण्याची परीक्षा. तांबूस-पिवळ्या एका चौकटीचा भुसा काचेच्या ग्लासात टाकला. थोड्या वेळानं पाणी उन्हात धरलं तर निळसर झाक. बिबला. दुसऱ्या कुठल्या नगानं आज पाणी असं निळं केलं नाही. बिबल्याचे पेले मधुमेहावर म्हणून विकले जातात. मिस्त्री ते करत नाहीत. "डॉक्टरचं काम डॉक्टरकडे."

दुपारी १.१५
डबा. मधेच अंबरनाथच्या एमआयडीसीतून एक जण पाईनची रिकामी पॅलेट घेऊन आला. पाईन ओळखायला भिंग लागत नाही, राळेचा वास आणि छिद्रंच नाहीत. मिस्त्रींनी फक्त शिक्का वाचला. 'एचटी' म्हणजे कीड मारायला तापवलेलं. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते घेत नाहीत.

३.१५
फर्निचरवाले साईं आले. गिऱ्हाइकानं परत केलेला टेबलाचा पाय हातात. "सागवानच दिलं होतं." मिस्त्रींनी पाय उलटा केला. खालच्या बाजूला पॉलिश नव्हतं. पटाशीचा एक फटका, भिंग, झालं. छिद्रांभोवती फिकट वेढे, वजन हाताला लागणारं. "साईं, वरून सागवान, आतून बाभूळ." साईं हसले नाहीत. त्यांनाही कुणीतरी विकलंच होतं.

गाळ्याची मागची भिंत जुन्या लष्करी बराकीची. फाळणीनंतर सिंधी निर्वासित या छावणीत आले. ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींनी शहराची कोनशिला बसवली. कॅम्पचे नंबर छावणीचेच राहिले. साईंनी त्याच भिंतीला टेकून चहा घेतला, दहा रुपयांचा, आणि पाय घेऊन गेले.

५.४०
एक तुळई उरली. सहा बाय पाच, नऊ फुटी. गडद लाल, जड, वास नाही, पाणी निळं होत नाही. ऐन नाही, किंजळ वाटत नाही, शिसव तर नाहीच. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत फी भरून नमुना तपासून मिळतो. एका तुळईसाठी तेवढं कोण करणार? पोऱ्यानं खडूनं प्रश्नचिन्ह काढलं.

६.३०
हिशेब. साग साडेचार घनफूट, २,२०० नं ९,९००. बाकी चौदा घनफूट, ९०० नं १२,६००. एकूण २२,५००. माल, टेम्पो, हमाल, पोऱ्याचा रोज आणि पात्याची धार वजा जाता ३,२५०. वीज आणि भाडं त्यातूनच. मिस्त्रींचा रोज वेगळा धरलेला नाही. आणि हे पैसे माल विकला गेल्यावर.

तुळई हिशेबात नाही. जात कळेपर्यंत ती विकायची नाही, असं त्यांनी ठरवलंय. कोकणात, कल्याणकडे जुन्या घरांचं सुतारकाम केलेलं कुणी वाचत असेल, तर गाळ्यावर येऊन एकदा टोक बघून जा.