एका तिकिटाचा धूर



८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. आज ना उद्या तुमच्यापैकी काही जण विमानाने परदेशी जातील. निघताना आपण चांगले बेत करतो. कचरा टाकायचा नाही, पाण्याची बाटली घरूनच न्यायची, हॉटेलातला टॉवेल रोज बदलून मागायचा नाही. या सवयी चांगल्याच आहेत. पण प्रवासाचा सर्वांत मोठा भार निसर्गावर कशाने पडतो? चला, गणित करून पाहू. वही-पेन्सिल घ्या.

मुंबई ते लंडन हे हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन १४,४०० किलोमीटर. आधुनिक मोठे विमान भरलेले असेल, तर १०० किलोमीटरला दर प्रवाशामागे स्थूलमानाने ३ लिटर इंधन जळते. एकाच्या वाट्याला आले ४३२ लिटर! हे इंधन म्हणजे रॉकेलचाच एक शुद्ध प्रकार. त्याच्या एका लिटरचे वजन सुमारे ८०० ग्रॅम असते. म्हणजे जवळजवळ ३४५ किलो इंधन जळाले.

आता गंमत पाहा. ३४५ किलो इंधनातून कार्बन डाय-ऑक्साइड वायू निघतो सुमारे १,०९० किलो! मूळ वस्तूच्या तिपटीहून अधिक. हे कसे?

एक किलो इंधनात सुमारे ८६० ग्रॅम कार्बन असतो. जळताना कार्बनचा एक अणू हवेतल्या ऑक्सिजनच्या दोन अणूंशी जोडला जातो. कार्बनचा अणुभार १२, ऑक्सिजनचा १६. म्हणून १२ ग्रॅम कार्बनपासून १२ + ३२ = ४४ ग्रॅम वायू तयार होतो. या हिशेबाने ८६० ग्रॅम कार्बनपासून सुमारे ३,१५० ग्रॅम वायू होतो. वाढलेले वजन टाकीतले नव्हे, हवेतल्या ऑक्सिजनचे!

कोळसा, तेल आणि नैसर्गिक वायू यांच्या वापरातून वर्षभरात सरासरी एका भारतीयामागे सुमारे २ टन कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे लंडनच्या एका फेरीत सहा महिन्यांहून अधिक काळाचा वाटा संपला.

हा वायू पृथ्वीची उष्णता अडवून धरतो. हवा तापते, समुद्राचे पाणी प्रसरण पावते, बर्फ वितळते आणि समुद्राची पातळी वाढते. नवी मुंबईचा बराच भाग खाडीकाठच्या सखल जमिनीवर वसवलेला आहे. म्हणून सिडकोने तेथे धारण तलाव बांधले. भरतीच्या वेळी त्यांची दारे बंद होतात आणि पावसाचे पाणी तलावात साठते. ओहोटी लागली की ते खाडीत सोडले जाते. समुद्र जसजसा चढेल, तसतसा पाणी सोडण्यास वेळ कमी मिळेल. लंडनच्या वाटेवर सोडलेला वायू वाशी-बेलापूरच्या गटारांशी असा जोडलेला आहे!

मग परदेशी जाऊच नये का? तसे नाही. जग जरूर पाहावे. पण विचार करून. दोनदा घाईने जाण्यापेक्षा एकदाच जाऊन अधिक दिवस राहावे. शक्य तर थेट जाणारे विमान घ्यावे. कारण वर चढताना इंधन फार लागते आणि वाटेत उतरले की पुन्हा चढावे लागते. ऐसपैस आसनापेक्षा साधे आसन बरे. तेवढ्याच इंधनात अधिक माणसे जातात. सामान हलके ठेवावे. तेथे पोचल्यावर जवळच्या शहरांसाठी पुन्हा विमान धरू नये. लंडनहून पॅरिसला १९९४ पासून समुद्राखालच्या बोगद्यातून विजेवरची गाडी जाते. शहरात बस, आगगाडी आणि आपले पाय आहेतच.

आता एक उदाहरण तुमच्यासाठी. मुंबई ते सिंगापूर हे अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर आहे. चौघांचे कुटुंब जाऊन आले, तर किती किलो कार्बन डाय-ऑक्साइड वायू निघेल? उत्तर २,३६० किलोच्या आसपास आले, तर तुमचे गणित बरोबर. ते घरी दाखवा आणि पुढच्या सहलीचा बेत सर्वांनी मिळून ठरवा.