हाडाला हवा किती प्राणवायू?

आषाढी एकादशीला वडाळ्याच्या विठ्ठलमंदिरापाशी केवढी गर्दी लोटते, हे मुंबईकरांना सांगायला नको. समजा, या गर्दीच्या कडेला उभे राहून कोणी राजगिऱ्याच्या लाडवांची टोपली आत दिली. प्रत्येकाने एक लाडू घ्यायचा आणि टोपली पुढे सरकवायची. पहिल्या काही रांगांना लाडू मिळतील. मधोमध उभ्या असलेल्यांच्या हाती मात्र रिकामी टोपली येईल. प्रयोगशाळेत हाड तयार करू पाहणाऱ्या शास्त्रज्ञांपुढची अडचण नेमकी हीच आहे.

मोडलेले हाड बहुधा पुन्हा सांधते. पण अपघातात त्याचा मोठा तुकडाच गेला, तर ती पोकळी आपोआप भरत नाही. मग शल्यविशारद रुग्णाच्याच कमरेच्या हाडाचा तुकडा काढून तेथे बसवतात. असा तुकडा किती काढणार, याला मर्यादा आहे. म्हणून दुसरा मार्ग शोधला जात आहे. अस्थिमज्जेत काही मूलपेशी असतात. त्यांच्यापासून हाडाच्या पेशी बनू शकतात. या मूलपेशी सच्छिद्र साच्यावर वाढवायच्या आणि तो साचा पोकळीत बसवायचा.

साच्याच्या गाभ्यापर्यंत प्राणवायू पोचतो तो विसरणाने, म्हणजे रेणूंच्या वेड्यावाकड्या भटकण्याने. अंतर दुप्पट झाले की या प्रवासाला वेळ चौपट लागतो. पाण्यात ०.१ मिलिमीटर जायला प्राणवायूला सुमारे २ सेकंद लागतात. १ सेंटिमीटर, म्हणजे शंभरपट अंतर, जायला दहा हजारपट वेळ लागेल : सुमारे साडेपाच तास! शिवाय वाटेतल्या पेशी आपापला वाटा घेतच असतात. म्हणूनच शरीरातील बहुतेक पेशी केशवाहिनीपासून ०.१ ते ०.२ मिलिमीटरच्या आत असतात.

हाडाचा रक्तपुरवठा तुटला तर काय होते? २०२१ मध्ये माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी कोविडनंतरच्या तीन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. उपचारात स्टेरॉइड घेतलेल्या या रुग्णांच्या मांडीच्या हाडाचे डोके रक्ताअभावी मरू लागले होते. हाड दगडासारखे दिसले, तरी तेही श्वास घेते!

मग भरपूर प्राणवायू दिला की झाले, असे तुम्ही म्हणाल. पण थांबा. समुद्रसपाटीला हवेतील प्राणवायूचा आंशिक दाब सुमारे १६० मिलिमीटर पारा असतो. २०१४ साली जिवंत उंदराच्या कवटीतील मज्जेत तो मोजला, तेव्हा ३२ मिलिमीटरहून कमी भरला. काही ठिकाणी तर जेमतेम १०! म्हणजे मूलपेशींचे माहेरच कमी प्राणवायूचे. अनेक प्रयोगांत २ ते ५ टक्के प्राणवायूत त्या जोमाने वाढल्या आणि उशिरा म्हाताऱ्या झाल्या. मात्र हाड घडवण्याची, कॅल्शियमचे क्षार साठवण्याची वेळ आली की अतिशय कमी प्राणवायूत हे काम सहसा मंदावते. संख्या वाढवताना थोडा, हाड घडवताना अधिक, असा हा हिशोब आहे.

प्राणवायू कमी झाल्याचे पेशीला कळते कसे? ‘हिफ’ नावाचे एक प्रथिन पेशीत सतत बनत असते. प्राणवायू पुरेसा असला की त्यावर खूण होते आणि ते नष्ट केले जाते. प्राणवायू घटला की ते टिकते आणि नव्या रक्तवाहिन्या फुटण्यासाठी लागणारे प्रथिन तयार करायला लावते. ही यंत्रणा उलगडणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ व सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आता साच्यात बारीक नळ्या ठेवणे, त्यातून पोषकद्रव खेळवणे, हाडाबरोबर रक्तवाहिन्याही वाढवणे, असे प्रयत्न चालू आहेत. मोठ्या हाडाचे यश त्यांवरच अवलंबून आहे.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. चायनाग्रासच्या घट्ट जेलीचे ३ सेंटिमीटरचे दोन घन शाईत बुडवा. एक तासाभराने कापा, दुसरा चार तासांनी. शाई किती आत गेली ते मोजा. चार तासांत ती चौपट आत गेली का? की फक्त दुप्पट?