कुजणारा धागा, न कुजणारा धागा

विणकाम चालणाऱ्या घरात एक पिशवी असतेच. कुणाच्या तरी बारशासाठी आणलेली पोपटी लोकर, लॉट नंबर न जुळल्यामुळे बाजूला पडलेले दोन निळे गुंडे, बाही होईपर्यंत पोर मोठं झालं म्हणून सोडून दिलेला स्वेटर आणि हातभर लांबीचे असंख्य तुकडे. ही पिशवी वर्षागणिक फुगते, रिकामी मात्र होत नाही. ती का रिकामी होत नाही, या प्रश्नाने मला फार वर्षं धरून ठेवलं आहे. विणकामाच्या पुस्तकांनी त्यावर उपाय सांगितले, कारण सांगितलं नाही. कारण सापडत गेलं ते रायगडच्या किनाऱ्यावर. वरसोली-थळपासून मुरूडच्या एकदऱ्यापर्यंत आणि खाली जीवना, भरडखोलच्या बंदरांवर, जाळ्यांच्या ढिगांशेजारी बसून.

पावसाळ्यात, १ जून ते ३१ जुलै, यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या असतात आणि पडवीपडवीत जाळी पसरलेली असतात. आता जाळ्याचं कापड यंत्रावर विणून येतं. स्कॉटलंडमधल्या मसलबरो गावात जेम्स पॅटरसनने १८२० साली असं यंत्र चालवून दाखवलं, तेव्हापासून ही वाट सुरू झाली. पण ते तुकडे जोडणं, त्यांना आकार देणं आणि फाटलेलं पुन्हा विणणं ही कामं हाताचीच राहिली. सपाट सुईत धागा भरायचा, पट्टीवर आस, म्हणजे जाळ्यातलं एक मोकळं घर, मोजायचा आणि गाठ मारायची. गाठी मारून जाळं विणणं किती जुनं असावं? १९१३ साली तेव्हाच्या फिनलंडमधल्या, आता रशियात असलेल्या आंत्रेआ गावी चिखलात एक जाळं सापडलं. विलो झाडाच्या सालीच्या तंतूंचं हे जाळं दहा हजार वर्षांहून जुनं, आणि तेही गाठी मारूनच विणलेलं!

विणकामाचं नियोजन म्हणजे काय, हे समजून घ्यायला डोल जाळ्यासारखं दुसरं उदाहरण नाही. बोंबील, जवळा, करंदी यांच्यासाठी लावायचं हे जाळं म्हणजे लांबलचक निमुळती पिशवी. तोंड भरतीच्या किंवा ओहोटीच्या प्रवाहाकडे करून ते समुद्रात बांधून ठेवतात. उधाणाच्या दिवसांत प्रवाहच मासे आणून आत लोटतो आणि प्रवाह फिरण्याआधी जाळं ओढून घ्यावं लागतं. तोंडाशी आस मोठा, शेपटीकडे बारीक. ही पिशवी विणायची तर सुरुवातीलाच तोंडाची घरं ठरवावी लागतात. मग ठरावीक अंतराने दोन घरं एकात घेत घेर कमी करायचा. टोपीचा शेंडा उतरवताना आपण दोन टाके एकत्र विणतो, तेच हे.

आस बदलला की धाग्याचा हिशोबही बदलतो. आस निम्मा केला तर तेवढ्याच जागेला गाठी चौपट लागतात आणि धागा दुपटीहून जास्त. म्हणून बोंबलाच्या जाळ्याची शेपटी दिसायला लहान असली तरी धागा तीच खाते. जाळं दोरीला किती सैल किंवा किती ताणून बांधायचं, यालाही गणित आहे. ताणलेल्या जाळ्याच्या लांबीच्या सुमारे ७१ टक्के लांबीची दोरी घेतली की आस चौकोनी उघडतो आणि कमीत कमी धाग्यात जास्तीत जास्त जागा झाकली जाते. सूत्र कागदावर मांडणारे पुढे आले. आस किती उघडला पाहिजे हे जाळं बांधणाऱ्यांचे डोळे आणि बोटं त्याआधीपासून ओळखत होती.

जाळ्याच्या दुकानात धाग्याच्या रिळावर २१०/२/३ असे आकडे असतात. २१० म्हणजे डेनियर : ९,००० मीटर धाग्याचं वजन २१० ग्रॅम. असे दोन धागे पिळून एक पेड आणि असे तीन पेड पिळून दोरा. वजन कळलं की लांबी कळते आणि लांबी कळली की किती आस होतील ते कळतं. लोकर घेताना आपण उलट वागतो. नमुना आवडतो, रंग आवडतो, आणि ‘चार गुंडे द्या’ म्हणून मोकळे होतो. पिशवी फुगते ती तिथूनच.

एलिझाबेथ झिमरमन ही इंग्लंडमध्ये जन्मलेली आणि १९३७ साली अमेरिकेत गेलेली बाई याच सवयीवर आयुष्यभर बोलत राहिली. १९७१ सालच्या तिच्या ‘निटिंग विदाउट टीअर्स’ या पुस्तकाचं सांगणं असं, की आधी हातातल्या धाग्याचा लहान तुकडा विणा, एका इंचात किती टाके बसतात ते मोजा, त्याला छातीच्या घेराने गुणा, आणि बाकी सगळं त्या एका संख्येच्या टक्केवारीत बसवा. मनगटाला त्यातले २० टक्के टाके, गळ्याला ४० टक्के. छापील नमुन्याची गुलामी संपली! धागा आधी, कपडा नंतर. कोळीवाड्यातली रीत हीच आहे, आणि मला ती विणकामाची खरी रीत वाटते.

इथवर आल्यावर मी जुनी जाळी कशाची असत हे शोधायला लागले, आणि लेखाचा विषयच सरकला.

नायलॉनच्या आधी जाळी तागाची आणि सुताची असत. दोन्ही तंतू वनस्पतींचे, त्यामुळे समुद्राच्या पाण्यातले जिवाणू ते खातात. ओलं जाळं ढिगात ठेवलं तर काही दिवसांत धागा सैल पडतो. म्हणून प्रत्येक फेरीनंतर जाळं धुऊन वाळवायचं आणि ठरावीक काळाने झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवायचं. आपल्या किनाऱ्यावर त्यासाठी ऐनाची साल वापरत. सालीतल्या टॅनिनने धागा तांबूस आणि टिकाऊ होई. पण हे काम एकदाच करून भागत नसे, पाण्यात टॅनिन उतरत जाई आणि काढा पुन्हा चढवावा लागे.

युरोपच्या बंदरांतही हाच उद्योग होता. तिथे पूर्वी ओकची साल वापरत. एकोणिसाव्या शतकात तिची जागा मोठ्या प्रमाणावर काताने घेतली. आपण पानात खातो तोच कात, खैराच्या गाभ्याचा. तो मुख्यतः ब्रह्मदेश आणि बंगालच्या बाजूने जहाजांतून जाई आणि कॉर्नवॉल-स्कॉटलंडच्या धक्क्यांवर मोठ्या कढयांत उकळे. जाळी आणि शिडं दोन्ही त्यात बुडत. रायगडच्या डोंगरपट्ट्यातले कातकरी खैराचे तुकडे मडक्यांत उकळून कात काढत होते तो हाच काळ. जंगलं राखीव होत गेली, खैर तोडायची मुभा गेली, आणि त्यांच्या हातचा हा धंदाही गेला. जाळ्यांच्या इतिहासात कातकऱ्यांच्या या विद्येला दोन ओळींचीही जागा मिळू नये, याचं मला वाईट वाटतं. धागा टिकवण्याचं रसायन त्यांना नेमकं अवगत होतं.

या कुजण्याचा शास्त्रीय पाठलाग करणारा माणूस म्हणजे डब्ल्यू. आर. जी. ॲटकिन्स. इंग्लंडच्या प्लिमथ इथल्या सागरी प्रयोगशाळेतला हा आयरिश शास्त्रज्ञ समुद्राच्या पाण्यातल्या फॉस्फेटवरच्या संशोधनासाठी ओळखला जातो. पण १९२०च्या दशकापासून त्याने मासेमारीच्या जाळ्यांवर एक निबंधमालाही लिहिली. विषय एकच : सुती जाळं तांब्याच्या साबणात बुडवलं तर किती दिवस टिकतं? तांबं जिवाणूंना मारतं आणि साबण ते धाग्याला धरून ठेवतो. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाने कोळ्याच्या दोऱ्याला इतकी वर्षं द्यावीत, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्या निबंधांतून एक काळ डोळ्यांपुढे उभा राहतो, जेव्हा जगभरच्या मच्छीमारांचा सर्वांत मोठा खर्च आणि सर्वांत मोठी चिंता होती धाग्याचं आयुष्य.

आणि मग ही चिंता बघता बघता मिटली. ड्यू पॉन्ट कंपनीत वॉलेस कॅरदर्सच्या चमूने १९३५ साली नायलॉन तयार केलं. १५ मे १९४० रोजी त्याचे पायमोजे अमेरिकेभर विक्रीला आले. युद्धात तो धागा पॅराशूटकडे वळला, युद्धानंतर जाळ्यांकडे. ऑक्टोबर १९५७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने हॅम्बुर्गला मासेमारीच्या साधनांवरची पहिली जागतिक परिषद भरवली, तेव्हा कृत्रिम धागा हा तिथला मोठा विषय होता. न कुजणारा, हलका, ओला असतानाही मजबूत. एकच कुरकुर : धागा गुळगुळीत, त्यामुळे जुनी गाठ सरकते. मग दुहेरी गाठ आली, उष्णता देऊन गाठ पक्की करणं आलं. पिढ्यानपिढ्या पुरलेली गाठ धागा बदलताच अपुरी पडली!

रायगड जिल्ह्याने तर हे नवं युग आपल्या जमिनीवरच पाहिलं. पाताळगंगेला १९८२ साली पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला. पुढे नागोठण्याला आयपीसीएल या पेट्रोकेमिकल कंपनीच्या संकुलात पॉलिएथिलीन बनू लागलं. डोल जाळ्याचं तोंड आज पॉलिएथिलीनच्या दोऱ्याचं असतं आणि शेपटी नायलॉनची.

लोकरीच्या पिशवीतही तेच घडलं. आपण ज्याला सहज लोकर म्हणतो, तो बहुतेक घरांत ॲक्रिलिक धागा असतो. त्याचा ‘ऑर्लॉन’ हा अवतार १९५०च्या सुमारास बाजारात आणणारी कंपनीही ड्यू पॉन्टच. खऱ्या लोकरीला कसर लागते, कारण ती अळी केसांतलं प्रथिन खाते. किनाऱ्याच्या दमट हवेत मेंढीची लोकर चार पावसाळे नुसती ठेवून पाहावी, भोकं दिसतील. त्यामुळे ती वेळेत विणावीच लागे. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांचं रेशनिंग आलं आणि विणायच्या लोकरीलाही कूपन लागलं, तेव्हा बायका जुने स्वेटर उसवून, लड धुऊन, वजन टांगून धागा सरळ करून पुन्हा विणत. तुटवडा आणि कसर या दोघांनी मिळून पिशवी रिकामी ठेवली होती.

माझ्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. साठा संपवण्याची निकड धाग्याच्या नाशिवंतपणातून येत होती. ताग कुजायचा, सूत कुजायचं, लोकर कसर खायची. म्हणून माणूस हिशोबाने आणायचा आणि मुदतीत वापरायचा. न कुजणारा धागा आला आणि मुदत गेली. कपाटातली पिशवी आणि बंदरावरचा जाळ्यांचा ढीग हे एकाच कारणाचे दोन परिणाम आहेत.

बंदरावरचा परिणाम अर्थातच भयंकर. समुद्रात सुटलेलं नायलॉनचं जाळं वर्षानुवर्षं मासे मारत राहतं. दरवर्षी ६ लाख ४० हजार टन जाळी-साधनं समुद्रात जातात, हा आकडा २००९ सालच्या एका संयुक्त राष्ट्र अहवालानंतर सगळीकडे छापला गेला. तो मीही अनेकदा वाचून गप्प झाले होते. पण केल्सी रिचर्डसन आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली त्याचं मूळ शोधलं, तेव्हा त्याखाली मोजणीचा भक्कम आधार नाही असं दिसलं. समुद्राचं नुकसान खरं आहे आणि मोठं आहे. त्यासाठी पाया नसलेला आकडा पुढे करणं मला मान्य नाही.

याउलट महाराष्ट्राने डिसेंबर २०१८ मध्ये केलेली एक गोष्ट मनापासून पटली. जाळ्यात कासव, डॉल्फिन, देवमाशासारखा संरक्षित जीव अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं, तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई. कापलेल्या विणीला सरकारने किंमत दिली. हरिहरेश्वर-दिवेआगरच्या ज्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालतात, तिथे ही योजना लोकांच्या कष्टाची जाण ठेवणारी आहे.

आणि उरलेलं जाळं? ते किनाऱ्यावरच्या घरांना आजही उपयोगी पडतं. आंबे काढायच्या झेल्याला तेच, परसातल्या वालाच्या मांडवाला तेच, सुकत घातलेल्या मासळीवर कावळ्यांपासून आडोसा म्हणून तेच. इटलीची ॲक्वाफिल कंपनी २०११ पासून टाकाऊ नायलॉन, त्यात जुनी जाळीही, रसायनाने मूळ घटकापर्यंत नेऊन पुन्हा धागा करते. मोज्यांच्या लोकरीत बळकटीसाठी पाव हिस्सा नायलॉन मिसळायची रीत आहेच. म्हणजे एकेकाळचं जाळं पायात घालायची सोय झाली. पण हा उपाय कारखान्याचा आहे. घरातल्या पिशवीला उपाय घरचाच लागेल.

तो मी कोळीवाड्याकडून घेते. पिशवी ओतायची आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर प्रत्येक गुंडा तोलायचा. वजन आणि प्लाय चिठ्ठीवर लिहून ती गुंड्याला बांधायची. साध्या सुलट विणीत एका ओळीला रुंदीच्या सुमारे तिप्पट धागा जातो, एवढं धरून चाललं की ३० ग्रॅममध्ये टोपडं होईल की नुसते पायमोजे, हे सुया हातात घेण्याआधीच कळतं. सारख्या जाडीचे गुंडे एकत्र. जाडी जुळली की रंग पट्ट्यांत बसतात. हातभर तुकड्यांची क्रोशाची चौकडी. कमी पडण्याची भीती असेल तर स्वेटर गळ्यापासून खाली विणावा; धागा संपेल तिथे थांबता येतं.

सर्वांत महत्त्वाची म्हणजे मुदत. ॲक्रिलिकला ती निसर्गाने दिलेली नाही, तर आपण द्यायची. जूनच्या पहिल्या तारखेला पिशवी उघडावी आणि नारळी पौर्णिमेला बंद करावी. मधल्या काळात नवा गुंडा विकत घ्यायचा नाही. त्या दिवशी जे उरेल ते अंगणवाडीत, शाळेच्या कार्यानुभवाच्या तासाला किंवा शेजारच्या विणणाऱ्या हातात द्यावं. जाळी बांधणाऱ्यांना पावसाळा पुरतो, कारण पौर्णिमेनंतर होडी पाण्यात जायचीच असते. आपल्या विणकामालाही अशी एक तारीख हवी, आणि ती कॅलेंडरवर आधीच छापलेली आहे.