रोमहून वार्तापत्र : खेळाची मात्रा

ऑक्टोबर लागला की इटलीतल्या गावोगावच्या चौकांत सफरचंदांची टेबलं मांडली जातात. कॉलेजची मुलं आणि निवृत्त माणसं स्वयंसेवक म्हणून पिशव्या घेऊन उभी असतात. येणारा-जाणारा पैसे देतो, पिशवी उचलतो आणि पुढे जातो. घासाघीस कुणी करत नाही, कारण हा पैसा इटालियन मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) संघटनेला जातो. ही संघटना 1968 मध्ये सुरू झाली. 1986 चं नोबेल मिळवणाऱ्या रीता लेव्ही-मोंताल्चिनी अनेक वर्षं तिच्या अध्यक्ष होत्या. एखाद्या आजाराला चौकात अशी मानाची जागा मिळालेली मी आधी कुठे पाहिली नव्हती.

इटलीत या आजाराचे सुमारे 1 लाख 40 हजार रुग्ण आहेत. सार्डिनिया बेटावर तर लाखात तीनशेहून जास्त लोकांना तो आहे, जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी एक. आपल्याकडे प्रमाण खूप कमी, पण आजार परका नाही. मुंबईचे मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. नोशिर वाडिया यांनी पारशी समाजात तो लक्षणीय प्रमाणात असल्याचं 1990 मध्ये दाखवून दिलं. होतं असं, की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवरच्या आवरणावर हल्ला करते. विहिरीवरच्या मोटारीची वायर उंदरानं कुरतडावी, तसे संदेश कुठे मंदावतात, कुठे तुटतात. डोळ्यांसमोर धुरकट दिसतं, पायात मुंग्या येतात, तोल जातो. आजार बहुतेकांना वयाच्या वीस ते चाळीस या काळात गाठतो. शंभरातल्या तीन ते दहा जणांना तर अठरा पूर्ण होण्याआधीच.

पण आज लिहायचं आहे ते या आजाराच्या न दिसणाऱ्या बाजूबद्दल. पाय अडखळला तर घरच्यांना दिसतं. विचार अडखळला तर दिसत नाही. फ्लॉरेन्सच्या मारिया पिया अमातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इटलीतल्या 63 बाल-किशोर रुग्णांची तपासणी करून 2008 मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांतल्या 31 टक्के मुलांच्या लक्षात ठेवण्याच्या, लक्ष देण्याच्या, भाषेच्या क्षमतांवर परिणाम झालेला होता. अशी मुलं वर्गात बसलेली असतात, चालतात-फिरतात आणि मागे पडत जातात. मास्तरांना वाटतं लक्ष नाही, आईला वाटतं आळस आला.

हे मोजायची एक साधी चाचणी आहे. कागदाच्या वरच्या बाजूला नऊ चिन्हं आणि प्रत्येकाखाली एक ते नऊ यांपैकी एक अंक. खाली तीच चिन्हं उलटसुलट क्रमानं ओळीनं मांडलेली. रुग्णानं वर बघायचं, खाली बघायचं आणि त्या-त्या चिन्हाचा अंक बोलत जायचा. वेळ 90 सेकंद. किती अंक बरोबर आले, तो गुण. पुढच्या वेळी चार गुणांचा फरक पडला तर तो दखल घेण्याजोगा मानतात. बुद्धी किती आहे याच्याशी या कागदाचा संबंध नाही, मेंदूचा वेग किती आहे एवढंच तो सांगतो. आणि एमएसमध्ये बहुधा सगळ्यात आधी झिजतो तो वेगच.

झिजलेला वेग परत मिळवण्यासाठी काही इटालियन संशोधकांनी व्हिडिओ गेमची वाट धरली. रोमच्या सापिएन्झा विद्यापीठातल्या लाउरा दे जिल्यो, लुका प्रोस्पेरिनी आणि सहकाऱ्यांनी 35 रुग्ण निवडले. त्यांतल्या जवळपास निम्म्यांच्या हाती जपानी शास्त्रज्ञ रियुता कावाशिमा यांच्या नावानं निघालेला, बाजारात सहज मिळणारा निन्टेन्डोचा गेम दिला. त्यात भराभर हिशेब करायचे, शब्द लक्षात ठेवायचे. घरी बसून, रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, आठ आठवडे. उरलेले रुग्ण प्रतीक्षायादीत होते. 2015 मध्ये निष्कर्ष आले: खेळणाऱ्यांचं लक्ष टिकून राहण्याचं प्रमाण आणि कामाची आखणी करण्याची क्षमता सुधारली होती. त्याच संशोधकांनी पुढे एमआरआय करून पाहिलं, तेव्हा मेंदूतल्या थॅलॅमस या भागाच्या इतर भागांशी असलेल्या जोडण्यांतही बदल आढळले. दक्षिणेत बारी शहरातल्या डॉक्टरांनी मुलांवर लहानसा प्रयोग केला. लक्ष केंद्रित करण्याचा संगणकावरचा सराव तीन महिने दिला, आणि एमएस असलेल्या मुलांना त्याचा उपयोग झाल्याचं 2018 मध्ये नोंदवलं. जेनोव्हात तर रुग्ण-संघटनेच्याच संशोधन संस्थेनं टॅबलेटवर चालणारं एक ॲप तयार केलं आहे. रुग्णाला जमू लागलं की ते पुढची पायरी कठीण करतं, दमला की सोपी. 28 जणांवर केलेल्या तुलनेत, असा बदलता सराव एकाच पायरीवर थांबलेल्या सरावापेक्षा सरस ठरला.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी, कारण आपल्याकडे ज्याच्या-त्याच्या हातात फोन आहे. मूल तासन्‌तास गेम खेळतं म्हणजे त्याच्यावर उपचार होत आहेत, असं अजिबात नाही. न्यूयॉर्कमध्ये 135 रुग्णांवर झालेल्या चाचणीत एका गटाला आखलेला सराव दिला, दुसऱ्याला साधे गेम. साधे गेम खेळणाऱ्यांनी जास्त तास खेळूनही आखलेला सराव करणारेच पुढे गेले. सॅन फ्रान्सिस्कोच्या 44 जणांच्या चाचणीत सहा आठवड्यांच्या खेळानंतर दोन्ही गट सुधारले. आणखी दोन महिन्यांनी मोजलं तेव्हा खास तयार केलेल्या गेमच्या गटात 70 टक्के लोकांनी अंकांच्या त्या चाचणीतली निदान चार गुणांची कमाई टिकवली होती, शब्दखेळांच्या गटात 37 टक्के लोकांनी. आणि रोममध्येच तोल सुधारण्यासाठी पायाखालच्या फळीवर खेळायचा गेम दिला होता, तिथे खेळ बंद केल्यावर फायदा ओसरला. थोडक्यात, खेळालाही औषधासारखी मात्रा लागते. किती वेळ, किती दिवस, कोणता खेळ, आणि नंतर मोजमाप. या चाचण्या लहान आहेत, आजार बरा करण्याचा दावा कुणी केलेला नाही. चालू औषधं थांबवायची नाहीतच.

हे सगळं या देशात का जमलं, याचं उत्तर चौकातल्या सफरचंदांबरोबरच कायद्यातही आहे. 1978 च्या कायद्यानं इथे सर्वांसाठी राष्ट्रीय आरोग्यसेवा उभी राहिली. एमएसच्या रुग्णाला या आजाराच्या तपासण्या आणि उपचारांसाठी खर्चातला वाटा भरावा लागत नाही, तशी सूट आजाराला ठरवून दिलेल्या क्रमांकावर मिळते. या आजाराची खास केंद्रं देशभर दोनशेहून जास्त आहेत. 1992 च्या कायद्याखाली गंभीर अपंगत्व असलेल्या माणसाची काळजी घेणाऱ्या नोकरदार नातेवाइकाला महिन्याला तीन दिवस पगारी रजा मिळते. माणूस पुन्हापुन्हा त्याच केंद्रात येतो, म्हणून त्याचा वेग वर्षानुवर्षं मोजता येतो. गेम हा शेवटचा दुवा आहे. त्याआधीची साखळी नसेल तर तो नुसता गेमच राहतो.

आता राजूरकडे वळतो. भोकरदन तालुक्यातल्या आपल्या गावातून मज्जाविकारतज्ज्ञ गाठायचा तर बहुतेकदा छत्रपती संभाजीनगरची वाट धरावी लागते. त्यात उन्हाळा. अंग तापलं की या आजाराची लक्षणं तात्पुरती वाढतात, आणि मे महिन्यात एसटीच्या प्रवासात ते ऊन चुकत नाही. म्हणूनच घरी बसून, डॉक्टरांनी लांबून लक्ष ठेवून करायचा सराव आपल्या भागाला इटलीपेक्षाही जास्त गरजेचा आहे. अंकांच्या त्या चाचणीला इंग्रजी लागत नाही. मराठीत एक ते नऊ म्हणता आलं की पुरे. पुढच्या भेटीत तज्ज्ञांना विचारा: दरवर्षी पायांबरोबर विचारांचा वेगही मोजाल का? मोजल्यावर कोणता सराव द्याल, किती दिवसांचा?

कायदाही आपल्या बाजूनं आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारांमध्ये मल्टिपल स्क्लेरोसिसचा नाव घेऊन समावेश आहे. शाळा-कॉलेजच्या मुलामुलींनी प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा, परीक्षेत जादा वेळ मागावा. तो वेळ म्हणजे उपकार नाहीत. ज्याला उत्तर येतं पण कागदावर उतरवायला वेळ लागतो, त्याचा तो हक्क आहे. मुंबईत 1985 पासून मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया काम करते, पुण्यातही तिची शाखा आहे. नव्यानं निदान झालेल्या कुटुंबानं तिच्याशी बोलावं.

अंगारकीला राजुरेश्वराच्या दर्शनासाठी लोक रात्रभर पायी येतात आणि वाटेत चहा-फराळ देणारे हात कधी कमी पडत नाहीत. सेवेची सवय आपल्याला शिकवावी लागत नाही. 30 मे हा जागतिक एमएस दिन. त्या दिवशी मंदिराच्या रस्त्यावर एक टेबल मांडा, आजाराची लक्षणं लिहिलेला एक फलक लावा, एखाद्या डॉक्टरांना दोन तास बसवा. धुरकट दिसतंय, पाय बधिर होतात, अभ्यासात अचानक मागे पडलोय असं सांगणारा एक तरुण जरी तिथून वेळेवर तज्ज्ञांपर्यंत पोचला, तरी त्याची पुढची पन्नास वर्षं वेगळी होतील. औषधं आज आहेत, सराव आहे, मोजायची रीतही आहे. पण आधी कुणीतरी त्याचं ऐकून घेऊन त्याला आळशी म्हणणं थांबवायला हवं.